कंपायलरचं चित्र काढताना: आधी, नंतर आणि मधला फरक

कंपायलरच्या आतला ग्राफ काढणं अवघड नाही. एलएलव्हीएम या कंपायलरच्या ऑप्ट या टूलला डॉट-सीएफजी हा पास (कोडवर चालणारा एक टप्पा) चालवायला सांगितला की प्रत्येक फंक्शनची एक डॉट फाईल पडते, ग्राफव्हिझ हे ग्राफ काढणारं टूल तिची पीडीएफ करून देतं, आणि पाच मिनिटांत चित्र हातात. अवघड काम त्यानंतर सुरू होतं: या चित्रातून नेमकं कळलं काय? दहा-बारा ब्लॉकपर्यंत (ब्लॉक म्हणजे मधे फांदी न फुटता सलग चालणाऱ्या सूचना) डोळा साथ देतो. तीनशे ब्लॉकचं फंक्शन असलं की गुंतलेल्या दोऱ्याचं बंडल समोर येतं. झूम केलं तर दोनच ब्लॉक दिसतात, मागे सरकलं तर अक्षरं वाचता येत नाहीत.

कंपायलरवर काम करणाऱ्याला "ग्राफ कसा दिसतो" हा प्रश्न सहसा पडतच नाही. पडणारे प्रश्न वेगळे असतात. हा लोड (मेमरीतून किंमत आणणारी सूचना) अजून इथे का शिल्लक आहे? तो ब्लॉक कुठल्या पासने उडवला? लूप व्हेक्टराइझ (एका सूचनेत अनेक किमतींवर काम) का झाला नाही? या सगळ्यांची उत्तरं दोन अवस्थांमधल्या फरकात असतात. म्हणून आयआरचं, म्हणजे कंपायलरच्या आतल्या मधल्या भाषेतल्या कोडचं, व्हिज्युअलायझेशन लिहायचं तर ग्राफ दुय्यम आणि फरक मुख्य, असं धरून चाललेलं बरं. (फ्लॅग आणि पासची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाकायची, हे वेगळं सांगायला नको.)

सुरुवात इनपुटपासून, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. एलएलव्हीएमच्या क्लँग या सी कंपायलरने ओ-शून्यवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, आयआर काढला आणि तो ऑप्टला दिला, तर ऑप्टिमायझेशनचे पास जवळपास काहीच करत नाहीत. आधीचं आणि नंतरचं चित्र तंतोतंत सारखं येतं आणि माणूस आपल्या टूलमध्ये बग शोधत बसतो. कारण असं की ओ-शून्यवर क्लँग प्रत्येक फंक्शनला ऑप्टनन हा गुणधर्म चिकटवतो, आणि तो दिसला की पास ते फंक्शन वगळून पुढे जातात. यावर एक्सक्लँग या फ्लॅगमार्फत डिसेबल-ओ-शून्य-ऑप्टनन देता येतं, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे ओ-एक ठेवून डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस देणं. मग क्लँग ऑप्टिमायझेशनसाठी लागणारी जास्तीची माहिती, म्हणजे लाइफटाइम मार्कर (चल कधीपासून कधीपर्यंत जिवंत) आणि टाइपवर आधारित एलियास माहिती (कोणते दोन पत्ते एकच जागा दाखवू शकत नाहीत), आयआरमध्ये लिहितो, पण स्वतः एकही पास चालवत नाही. खऱ्या पाइपलाइनला जे इनपुट मिळतं तेच तुम्हाला मिळतं.

दुसरी अडचण नावांची. क्लँगच्या रिलीज बिल्डमध्ये व्हॅल्यूंची नावं टाकून दिली जातात, त्यामुळे ब्लॉकना 'फॉर-बॉडी', 'इफ-देन' अशी नावं न मिळता नुसते आकडे मिळतात. एफ-नो-डिस्कार्ड-व्हॅल्यू-नेम्स दिलं की नावं परत येतात. तिसरी अगदीच किरकोळ, पण वैताग देणारी: डॉट-सीएफजी जी फाईल बनवतो तिचं नाव पूर्णविरामाने सुरू होतं. युनिक्सच्या रीतीने ती लपलेली फाईल ठरते, साध्या एलएसमध्ये दिसत नाही, आणि पास चाललाच नाही असं वाटतं.

आता एक छोटं फंक्शन घेऊ. पूर्णांकांचा ॲरे ए आणि लांबी एन घ्यायची, लूपमध्ये ए-आय शून्याहून मोठा असेल तर तो एसमध्ये मिळवायचा, शेवटी एस परत करायचा. सी भाषेत चार-पाच ओळी. आयआरमध्ये एंट्री, लूपची अट, लूपचं अंग, इफ-देन, इफ-एंड, इन्क्रिमेंट आणि बाहेर पडण्याचे एक-दोन ब्लॉक. दोन पॅरामीटर आणि दोन स्थानिक चलं असे चार अलोका (स्टॅकवर राखलेल्या जागा), आणि त्यांच्यावर लोड-स्टोअरची रांग.

यावर क्रमाने एसआरओए (मेमरीतली चलं साध्या व्हॅल्यूंमध्ये बदलणारा), अर्ली-सीएसई (पुन्हा केलेलं काम गाळणारा) आणि सिम्प्लिफाय-सीएफजी (ब्लॉकांची मांडणी सोपी करणारा) असे तीनच पास चालवा. एसआरओएनंतर चारही अलोका जातात आणि तीन फाय नोड (कुठल्या ब्लॉकमधून आलो त्यावरून किंमत निवडणाऱ्या सूचना) येतात: दोन लूपच्या अटीच्या ब्लॉकमध्ये, आय आणि एससाठी, आणि एक इफ-एंडमध्ये एससाठी, कारण तिथे एसच्या दोन वेगळ्या किमती येऊन मिळतात. अर्ली-सीएसईनंतर ग्राफचा आकार जराही बदलत नाही. फक्त इफ-देनमधला ए-आयचा दुसरा लोड, आणि त्याच्यासाठी काढलेला पत्ता, नाहीसे होतात, कारण तीच किंमत अटीसाठी आधीच आणलेली असते. आता इफ-देनमध्ये उरली एकच बेरीज. ती कधीही करून टाकायला हरकत नसते, म्हणून सिम्प्लिफाय-सीएफजी अख्खा ब्लॉक उचलून फायच्या जागी सिलेक्ट (अटीवरून दोनपैकी एक किंमत निवडणारी सूचना) टाकतो, आणि जाता जाता इन्क्रिमेंटचा ब्लॉकही वरच्यात मिसळून टाकतो.

मधला पास काढून पुन्हा चालवा. इफ-देन जागच्या जागी राहतो, कारण त्यात लोड आहे, आणि जो लोड मुळात होणारच नव्हता तो आधी करून टाकणं सुरक्षित आहे हे पासला सिद्ध करता येत नाही. म्हणजे ज्या पासने ग्राफचा एकही बाण हलवला नाही, त्यानेच पुढच्या पासचा रस्ता मोकळा केला. फक्त ब्लॉक आणि बाण दाखवणाऱ्या चित्रात अर्ली-सीएसई बिनकामाचा दिसतो. आपलं टूल खरंच उपयोगी आहे का, हे तपासायला हे उदाहरण पुरेसं आहे: दोन्ही वेळचे डंप (छापलेले आयआर) त्यात टाका आणि लोड कुठे गेला हे एका नजरेत दिसतं का ते पाहा.

असा फरक टिपायला एलएलव्हीएममध्ये तयार साधनं आहेत, पण प्रत्येकाची एक खोड आहे. प्रिंट-आफ्टर-ऑल प्रत्येक पासनंतर आयआर छापतो, तेही स्टँडर्ड एररवर. साधं रिडायरेक्शन केलं तर फाईल रिकामी मिळते. फिल्टर-प्रिंट-फंक्सने एकाच फंक्शनपुरतं मर्यादित केलं नाही, तर मोठ्या फाईलचा डंप आवरत नाही. प्रिंट-चेंज्ड त्याहून शहाणा, ज्या पासने खरोखर काही बदललं त्याच्याच नंतर छापतो. त्याला डिफ हा पर्याय दिला की ओळींमधला फरक मिळतो, आणि डॉट-सीएफजी दिला की तो एचटीएमएल पानासह प्रत्येक बदलाचं चित्र बनवतो: गेलेलं लाल, आलेलं हिरवं, सामाईक काळं. लहान फंक्शनसाठी हे इतकं पुरेसं आहे की स्वतःचं टूल लिहिण्याआधी एकदा हे वापरून पाहावंच.

स्वतः पार्सर लिहायचा ठरवलात तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. सगळे डंप अख्ख्या फंक्शनचे नसतात. लूपवरचा पास फक्त तो लूप छापतो, प्रीहेडर (लूपच्या लगेच आधीचा ब्लॉक) आणि बाहेरच्या ब्लॉकांसह. कॉल ग्राफवर चालणारा पास एका गटातली सगळी फंक्शनं छापतो. लूपच पुसला गेला, तर 'इनव्हॅलिडेटेड' असा शेरा असलेली नुसती शीर्षकाची ओळ येते. "शीर्षक दिसलं की पुढे पूर्ण फंक्शन" असं गृहीत धरलेला पार्सर लूप-रोटेट या लूपवरच्या पहिल्याच पासला कोलमडतो. प्रिंट-मॉड्यूल-स्कोप दिलं की प्रत्येक वेळी अख्खं मॉड्यूल मिळतं. फाईल फुगते, पण पार्सर साधा राहतो. सुरुवातीला हाच सौदा परवडतो.

आता सगळ्यात अवघड भाग: ओळख. पासच्या आधीची 'टक्का-१२' (आयआरमध्ये व्हॅल्यूचं नाव टक्क्याच्या खुणेने सुरू होतं) आणि नंतरची 'टक्का-१२' एकच सूचना आहे का? बहुतेक वेळा नाही. बिननावाच्या व्हॅल्यूंना आकडे छापताना दिले जातात, त्यामुळे मधली एक सूचना गेली की पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात आणि ओळींचा डिफ सगळं फंक्शन बदललं म्हणून ओरडतो. मजकुरावरून जोड्या लावायला गेलं तर सारख्या दिसणाऱ्या दोन बेरजा एकमेकींच्या गळ्यात पडतात.

यावर एक सुंदर पळवाट एलएलव्हीएममध्येच आहे: डीबगिफाय. हा पास मुळात वेगळ्या कामासाठी आहे. कुठला ऑप्टिमायझेशन पास डीबगची माहिती हरवतो हे पकडायला तो प्रत्येक सूचनेला एक खोटा, पण वेगळा ओळ क्रमांक देतो. आपल्याला तो क्रमांक ओळखपत्र म्हणून वापरता येतो. पाइपलाइनच्या अगदी सुरुवातीला डीबगिफाय घाला, डीबगिफाय-लेव्हल हा पर्याय लोकेशन्सवर ठेवा म्हणजे चलांच्या नोंदींची जास्तीची गर्दी होत नाही, आणि मग प्रत्येक डंपमध्ये सूचनेच्या लोकेशनवरून ओळ क्रमांक वाचा. मूळ कोड जी हा फ्लॅग देऊन कंपाइल करू नका. मॉड्यूलमध्ये खरी डीबग माहिती आधीच असेल तर डीबगिफाय ते मॉड्यूल वगळतो.

ही ओळख पूर्ण भरवशाची नाही, पण ती जिथे चुकते तिथेही काहीतरी सांगून जाते. लूप उलगडला की एकाच क्रमांकाच्या चार सूचना दिसतात. ही चूक नाही, एकाच्या चार प्रती झाल्या हेच चित्रात दाखवायचं असतं. वेगवेगळ्या ओळींच्या दोन सूचना मिसळून एक झाली तर क्रमांक बहुधा शून्य होतो. एसआरओएने नव्याने बनवलेल्या फायलाही अर्थपूर्ण क्रमांक नसतो, शून्य किंवा रिकामं. म्हणून जोड्या लावताना तीन पायऱ्या ठेवा: आधी ओळ क्रमांक, तो नसेल तर ब्लॉकचं नाव आणि ऑपकोड (सूचनेचा प्रकार), तेही जुळत नसेल तर सरळ "नवीन" म्हणून रंगवा. चुकीची जोडी लावण्यापेक्षा जोडी न लावलेली कधीही बरी. बघणारा माणूस "नवीन" या खुणेवर थांबून विचार करतो, खोट्या जोडीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवतो.

लेआउटकडे येऊ. ग्राफव्हिझमधला डॉट हा थरांचा लेआउट करतो. या पद्धतीचं मूळ सुगियामा, तागावा आणि तोदा यांच्या १९८१ च्या कामात आहे, आणि डॉटचा प्रत्यक्ष अल्गोरिदम १९९३ साली प्रसिद्ध झाला. टप्पे चार: नोडना थर देणं, थरातला क्रम ठरवणं, जागा ठरवणं, शेवटी वक्र काढणं. क्रम ठरवताना बाणांची छेदनं कमीत कमी करायची असतात. हा प्रश्न दोन थरांपुरताही एनपी-हार्ड (झटपट अचूक उत्तर काढायची रीत माहीत नसलेला) आहे, त्यामुळे डॉट अंदाजानेच चालतो. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की इनपुटमध्ये किरकोळ बदल झाला तरी चित्र पार वेगळं येऊ शकतं. एक ब्लॉक गेला आणि डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं, असं होतं. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही.

काही गोष्टी आपल्या हातात असतात. चक्र तोडण्यासाठी डॉट डेप्थ-फर्स्ट फिरतो आणि ते फिरणं नोड फाईलमध्ये ज्या क्रमाने येतात त्यावर अवलंबून असतं. म्हणून ब्लॉक रिव्हर्स पोस्टऑर्डरमध्ये लिहा (मागे जाणारे बाण सोडले तर प्रत्येक ब्लॉक त्याच्याकडे येणाऱ्या ब्लॉकांनंतर). मग लूपचा मागे जाणारा बाण खरोखर वरच्या दिशेने जातो. लूपचं अंग आधी लिहिलंत तर लूप डोक्यावर उभा राहतो. मागे जाणारे बाण रंगवायचे असतील तर डेप्थ-फर्स्टच्या भरवशावर राहू नका, डॉमिनेटर ट्री काढा: बाण ज्या ब्लॉकवर जातो तो ब्लॉक बाण निघालेल्या ब्लॉकला डॉमिनेट करत असेल (म्हणजे त्यातून गेल्याशिवाय तिथे पोचताच येत नसेल) तरच तो लूपचा बाण. डॉमिनेटरसाठी लेंगाउअर-टार्जन अल्गोरिदमच हवा असं नाही. कूपर, हार्वे आणि केनेडी यांची साधी पुनरावृत्तीची पद्धत पन्नास-एक ओळींत बसते आणि चित्र काढण्याजोग्या कुठल्याही फंक्शनला पुरते.

बाणांवर 'खरं' आणि 'खोटं' अशी लेबलं लावली की डॉट त्यांना जागा करून द्यायला थरांमधलं अंतर वाढवतो आणि चित्र उभं ताणलं जातं. एलएलव्हीएमचा स्वतःचा पास हे टाळतो: रेकॉर्ड आकाराचा नोड घेऊन त्याच्या तळाशी टी आणि एफ असे दोन कप्पे करतो आणि बाण त्या कप्प्यांतून काढतो. युक्ती घ्यावी अशी आहे, पण रेकॉर्डच्या लेबलमध्ये महिरपी कंस, कोनी कंस आणि उभी रेघ यांना खास अर्थ असतो. व्हेक्टरचा प्रकार कोनी कंसात लिहिला जातो, त्यामुळे व्हेक्टरायझेशन होईपर्यंत टूल छान चालतं आणि नेमकं जिथे बघायचं असतं तिथे डॉट लेबल चुकीचं असल्याची तक्रार करतो. या खुणांआधी बॅकस्लॅश घाला. ओळ तोडताना बॅकस्लॅश-एन ऐवजी बॅकस्लॅश-एल वापरा. पहिल्याने मजकूर मधोमध येतो, दुसऱ्याने डावीकडे, आणि कोड मधोमध वाचवत नाही.

चित्र उड्या मारू नये यासाठी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या ग्राफचा संयोग करून त्याचा लेआउट एकदाच काढणं. मग दोन्ही चित्रांत त्याच जागा वापरायच्या, आणि जो ब्लॉक त्या अवस्थेत नाही तो फिकट ठेवायचा. ठरलेल्या जागांवर चित्र काढायला नीटो हे टूल एन या फ्लॅगसह चालवतात. इथे एक खड्डा आहे: जागा पॉइंटमध्ये मोजली जाते, नोडची रुंदी-उंची मात्र इंचांत. एका इंचात ७२ पॉइंट. हे विसरलं की सगळे नोड एकमेकांवर चढतात किंवा ठिपक्यांसारखे विखुरतात. आणखी एक मर्यादा. संयोग दोन-चार पासांपुरता चांगला; अख्ख्या पाइपलाइनचा केला आणि मधे लूप उलगडला तर निम्मं चित्र फिकट भुतांचंच होतं. तीन-चार पासांची सरकती खिडकी ठेवा.

आणि कधी कधी ग्राफ काढूच नका. गो भाषेच्या कंपायलरला गोएसएसएफंक या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये फंक्शनचं नाव दिलं की तो एसएसए-एचटीएमएल अशी फाईल बनवतो. प्रत्येक पासचा एक उभा स्तंभ, आत साधा मजकूर. एखाद्या व्हॅल्यूवर क्लिक केलं की ती सगळ्या स्तंभांमध्ये एकाच रंगात उजळते. बाण नाही, वक्र नाही, तरी "ही व्हॅल्यू कुठे मेली" हे दोन सेकंदांत कळतं. हे जमतं कारण तिथे व्हॅल्यूचा क्रमांक पासांमधून टिकून राहतो, म्हणजे ओळखीचा प्रश्न कंपायलरनेच सोडवलेला असतो. माझ्या मते कंपायलरचं आजवरचं सर्वात उपयोगी व्हिज्युअलायझेशन हेच.

उलट टोकाला सी-ऑफ-नोड्स. क्लिफ क्लिकच्या नव्वदीच्या दशकातल्या कामातून आलेला हा आयआर हॉटस्पॉट या जावाच्या जेव्हीएमच्या सी-टू कंपायलरमध्ये आहे. तिथे बहुतेक सूचना कुठल्याच ब्लॉकला बांधलेल्या नसतात, त्यामुळे ब्लॉकचा आधार घेऊन लेआउट करता येत नाही. आयडियल ग्राफ व्हिज्युअलायझर त्यासाठीच आहे, आणि त्यात पहिलं काम फिल्टरचं: कॉन्स्टंट लपवा, कंट्रोलचे बाण वेगळ्या रंगात घ्या, आणि एका नोडपासून दोन पावलांवरचाच शेजार दाखवा. त्यासाठीचा डंप देणारे फ्लॅग जेव्हीएमच्या डीबग बिल्डमध्येच चालतात, रिलीजमध्ये नाही.

वेळेची चित्रं वेगळ्या रीतीने फसवतात. क्लँगला एफ-टाइम-ट्रेस दिलं की कंपाइल करताना वेळ कुठे गेला याची जेसन फाईल मिळते. ती पर्फेटो या ट्रेस बघायच्या टूलमध्ये उघडते. मूळ सेटिंगमध्ये ५०० मायक्रोसेकंदांहून लहान घटना तिच्यात येतच नाहीत, त्यामुळे हजारो छोट्या टेम्प्लेट इन्स्टँशिएशनमध्ये गेलेला वेळ चित्रात रिकामी जागा म्हणून दिसतो. ग्रॅन्युलॅरिटीचा आकडा खाली आणला की ती जागा भरते. स्वतः टाइमलाइन काढत असाल तर आधी पिक्सेलचा हिशेब करा. १० सेकंदांचा ट्रेस १९२० पिक्सेलवर पसरला की एका पिक्सेलला सुमारे ५.२ मिलिसेकंद येतात. १ मिलिसेकंदाची घटना कमीत कमी एक पिक्सेल रुंद काढली तर ती पाचपट मोठी दिसते, गोळाबेरीज करून सोडून दिली तर गायबच होते. दोन्ही चुकीचं. त्या पिक्सेलमधल्या सगळ्या घटनांचा व्यापलेला वेळ बेरीज करून तेवढ्या गडदपणाने रंगवावा, आणि झूम केल्यावरच एकेक घटना सुटी करावी.

फ्लेम ग्राफ म्हणजे प्रोग्रॅम चालताना ठरावीक वेगाने घेतलेल्या कॉल-स्टॅकच्या नमुन्यांच्या चौकटी एकावर एक रचलेलं चित्र. त्याची आडवी बाजू वेळेचा क्रम दाखवत नाही, हे सांगूनही लोक ती डावीकडून उजवीकडे वाचतात. ब्रेंडन ग्रेगच्या मूळ रचनेत शेजारच्या चौकटी अक्षरक्रमाने लावलेल्या असतात, म्हणजे सारख्या चौकटी जोडता याव्यात. नमुने घेण्याचा वेग १०० ऐवजी ९९ हर्ट्झ ठेवतात तो एखाद्या ठरावीक तालाने चालणाऱ्या कामाशी ताल जुळू नये म्हणून. एका कोअरवर १० सेकंदांत जास्तीत जास्त ९९० नमुने. १ टक्का वेळ घेणाऱ्या फंक्शनला त्यातले साधारण १० मिळतात, आणि १० मध्ये नुसत्या योगायोगाने तीन-चारचा चढउतार होतो. म्हणून नव्या पासमुळे ते फंक्शन १ टक्क्यावरून १.३ टक्क्यांवर गेलं हे दोन फ्लेम ग्राफ शेजारी ठेवून ठरवता येत नाही. जास्त वेळ मोजा, किंवा पुन्हा पुन्हा मोजा.

स्टॅक तुटलेले दिसले तर आधी फ्रेम पॉइंटर (चालू कॉलचा स्टॅकवरचा भाग दाखवणारा रजिस्टर) तपासा. ऑप्टिमायझेशनमध्ये तो काढून टाकला जातो आणि लिनक्सच्या पर्फ या प्रोफाइलरचा साधा जी पर्याय त्याच्याच आधारे वर चढतो. एफ-नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर देऊन पुन्हा बिल्ड करा. कॉल-ग्राफ ड्वार्फ हा दुसरा मार्ग, पण तो दर नमुन्याला स्टॅकचे ८१९२ बाइट उचलून ठेवतो. फाईल झपाट्याने फुगते आणि त्याहून खोल स्टॅक मेनच्या बाजूने कापला जातो. कापलेले स्टॅक फ्लेम ग्राफच्या तळाशी मेनशिवाय उभे राहिलेल्या सुट्या मनोऱ्यांसारखे दिसतात. खोल रिकर्शन करणाऱ्या पार्सरचा प्रोफाइल काढताना असे मनोरे हमखास उगवतात.